कॉसफर्डचं युंकर्स ८८, बाबा आणि एक वीत तीन बोटं

बाबा सांगलीहून इकडे बर्मिंगहॅमला आलेत तर त्यांना घेऊन कॉसफर्डचं आरएएफ म्युझियम (ब्रिटिश हवाई दलाचं) करून आलो. आधी आमचा घोळ सांगतो म्हणजे तुमचा होणार नाही. न्यू स्ट्रीटवरून श्रूजबरीकडे जाणारी जी गाडी दिसली तीत चढलो, ती कॉसफर्डला थांबतच नव्हती, उतरलो डायरेक्ट टेलफर्डला आणि मग उलटी गाडी पकडून मागे. बोर्डवर कॉसफर्डचं नाव बघूनच चढा. स्टेशनवरून चालत जाता येतं, एंट्री फुकट, पार्किंगला मात्र पैसे पडतात.

सगळे आधी कोल्ड वॉरच्या हँगरकडे पळतात, तुम्ही पाय दुखायच्या आत 'वॉर इन द एअर'मध्ये जा. तिथे जर्मनांचं दुसऱ्या महायुद्धातलं, रात्री शिकार करणारं युंकर्स ८८ विमान उभंय, नाकावर दांड्यांचं जंगल. मला ते गच्चीवर कपडे वाळत घालायच्या स्टँडसारखं वाटलं. बाबांनी तीस वर्षं टीव्ही रिपेअरिंग केलंय, ते चष्मा पुसत म्हणाले, "अरे हे डायपोल आहेत, रडारच्या अँटेनाच्या दांड्या, लांबी बघितली की वेव्हलेंग्थ कळते, साधारण दुप्पट धरायची."

आणि या दांड्यांमागचा रडार एकदा खरंच शत्रूच्या हाती लागला होता की! ९ मे १९४३ ला हेच विमान घेऊन क्रू स्कॉटलंडमध्ये डाइसला उतरला, तिघांपैकी एकाला हा बेत मान्य नव्हता म्हणे. त्यातला लिख्टनश्टाइन रडार आयता ब्रिटिशांच्या हातात पडला. त्यांच्याकडे 'विंडो' तयार होतीच, म्हणजे अॅल्युमिनियम लावलेल्या कागदाच्या, रडारला चकवणाऱ्या पट्ट्या, पण आपलीच युक्ती आपल्यावर उलटेल या भीतीने वर्षभर दाबून ठेवलेली. या विमानावर टेस्ट केली, तर पट्ट्यांपुढे हा रडारही आंधळा. मग २४ जुलैच्या रात्री हॅम्बुर्गवर ७९१ विमानं पट्ट्या सोडत गेली आणि फक्त १२ पडली. (खाली शहराचं जे झालं ते वेगळंच, त्यावर इथे लिहवत नाही.) पट्टी होती सुमारे २७ सेंटीमीटर, जर्मनांच्या जमिनीवरच्या व्युर्ट्सबुर्ग रडारच्या अर्ध्या वेव्हलेंग्थएवढी. बाबांनी हाताने मापून दाखवली, एक वीत नि वर तीन बोटं.

जर्मन पण काय गप्प बसतात होय, त्यांनी लांब वेव्हलेंग्थचा नवा रडार एसएन-२ आणला, त्याच्यापुढे ही आखूड पट्टी बिनकामाची. पण जुलै १९४४ मध्ये तो लावलेलं एक युंकर्स वाट चुकून थेट इंग्लंडमध्ये वुडब्रिजला उतरलं, परत सगळं उघडं!

तिथलं काळं डिफायंट, ब्रिटिशांचं लढाऊ विमान, पण बघा, तेही रात्री लढणारंच. आपल्याकडे असलं काही नव्हतं असं समजू नका, जानेवारी १९४३ मध्ये कलकत्त्यावर आलेली जपानी बॉम्बर दमदमच्या रडारवाल्या बोफायटर लढाऊ विमानांनी रात्रीच पाडली होती.

हँगरमध्ये जाम गार असतं, जॅकेट काढू नका. मोठी माणसं बरोबर असतील तर चार तास धरा, आम्ही दशम्या-चटणी बाहेर बाकावर बसून खाल्ली. जूनमध्ये एअर शो असतो, त्या दिवशी निवांत बघायचं असेल तर जाऊच नका. आणि विमानाच्या नाकाचा फोटो बाजूने खाली वाकून काढा, समोरून काढलात तर दांड्या एकमेकींत मिसळून नुसता गुंता दिसतो, माझे पहिले अकरा फोटो तसेच वाया गेले.