खोगीर बसवायचं काम शिकायचंय? आधी अभ्यासक्रमातली खोगीरभरती ओळखा

चामडं कापून खोगीर शिवणारा कारागीर वेगळा आणि ते घोड्याच्या पाठीवर नीट बसतंय का हे पाहून दुरुस्त करणारा ‘सॅडल फिटर’ वेगळा. ही गल्लत झाली की पैसे चुकीच्या कोर्सला जातात. शिवणकाम शिकवणाऱ्या कोर्समध्ये जिवंत घोडा दिसेलच असं नाही.

या कामाची पक्की घडी इंग्लंडमध्ये बसली आहे. तिथली ‘सोसायटी ऑफ मास्टर सॅडलर्स’ ही संस्था 1966 सालची. तिचा प्रास्ताविक कोर्स छोटा आहे, तो केला की लगेच कुणी फिटर होत नाही. मधला काळ अनुभवी फिटरच्या हाताखाली जातो आणि मग परीक्षा होते. तेव्हा चार दिवसांत प्रमाणपत्र देणारी जाहिरात दिसली, तर ते प्रमाणपत्र हजेरीचं आहे की कौशल्याचं, हे आधी विचारा.

दुसरा प्रश्न विचारा घोड्यांचा: किती घोडे, कोणत्या बांध्याचे? थरोब्रेडच्या, म्हणजे शर्यतीच्या जातीच्या घोड्याच्या, खांद्याचा उंचवटा ठळक असतो, तर गोल पाठीच्या तट्टावर खोगीर बाजूला घरंगळतं. एकाच तबेल्यातल्या एकसारख्या पाच घोड्यांवर शिकून हा फरक हाताला कळत नाही.

मापं कशी घ्यायला लावतात, यावरून कोर्सचा दर्जा लगेच कळतो. घोडा सपाट जमिनीवर, चारही पायांवर सारखा भार देऊन, मान सरळ ठेवून उभा हवा. तो गवत खायला वाकला की पाठीचा आकार बदलतो आणि आराखडा चुकतो. वाकणाऱ्या पट्टीने निदान तीन आडवे आराखडे घ्यायचे: खांद्याच्या हाडामागे दोन बोटांवर, पाठीच्या सर्वांत खोल भागात आणि शेवटच्या बरगडीपाशी. शिवाय कण्याच्या रेषेत एक उभा, आणि प्रत्येकावर तारीख. खोगिराचा भार अठराव्या बरगडीच्या मागे जाता कामा नये. खोगिराच्या खालची मधली नाळ, म्हणजे दोन्ही बाजूंच्या गाद्यांमधली पोकळ जागा, कण्याला कुठेही टेकू नये.

आता भरतीकडे. मराठीत ‘खोगीरभरती’ म्हणजे बिनकामाची भर, पण या धंद्यात सगळी कसोटी भरतीचीच. खोगिराच्या पाठीला टेकणाऱ्या गादीतली लोकर सळईने ढकलून सारखी बसवणं हे हाताचं काम आहे. नवशिक्या एकाच जागी दाबत राहतो, तिथे गाठ होते आणि पाठीवर नेमका तिथेच दाब पडतो. घामाच्या ओल्या पाठीवर कोरडा डाग किंवा खोगिराखाली उगवलेले पांढरे केस ही अशा दाबाचीच खूण असू शकते. लोकर काढून परत भरण्याचं काम स्वतःच्या हाताने करू देत नसतील, तर तो कोर्स फार तर चांगल्या ग्राहकासाठी.

खोगिराच्या आतला सांगाडाच अरुंद असेल तर भरती वाढवून काही होत नाही. पुढची बाजू उचलली जाते, स्वार मागे झुकतो. रुंद सांगाडा पुढे खाली बसून खांद्यावर टेकतो. खोगिराखाली वेगळी जाड गादी टाकून अरुंद खोगीर ‘दुरुस्त’ करायला शिकवणाऱ्या कोर्सपासून लांब राहा, कारण गादीने जागा आणखी कमी होते.

घोडा चालताना बघितलाच पाहिजे, शक्यतो स्वार बसलेला असताना. खोगीर सतत एकाच बाजूला सरकत असेल तर दोष खोगिराचाच असेल असं नाही. मागच्या पायाचा लंगडेपणा, असमान खांदे किंवा वाकडा बसणारा स्वारही कारण असतो. पशुवैद्याकडे कधी पाठवायचं, हे अभ्यासक्रमात नसेल तर तो अर्धवट आहे.

एखाद्या कंपनीने चालवलेला कोर्स वाईटच असतो असं नाही, पण त्यात बहुधा त्यांच्याच खोगिराचे स्क्रू आणि पट्ट्या शिकवतात. तेच विकायचं असेल तर ठीक. भारतात कानपूरची खोगिरं सर्रास दिसतात. इथे काम करणाऱ्याला ती उघडून, भरून, परत शिवता आली पाहिजेत. म्हणून चौकशी करताना पत्रकातले विषय मोजण्यापेक्षा एवढंच विचारा: कोर्स संपल्यावर पहिली वीस खोगिरं मी कुणाच्या नजरेखाली बसवणार आहे?