मोसंबीची अंडी आणि खंड्याची शिट्टी: जून ते ऑक्टोबर

जूनच्या पहिल्या आठवड्यात आमच्या दोन पाळीव पक्ष्यांपैकी मोसंबीचं वजन ९४ ग्रॅमवरून १०३ वर गेलं, तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं. सकाळी दाणे घालण्याआधी दोघांना स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर उभं करायचं, हा आमचा दीड वर्षाचा नेम. राळ्याचं कणीस दिसलं की खंड्या टुणकन काट्यावर येतो. मोसंबीला बोटावरून उतरवावं लागतं. त्या आठवड्यात आकडे वहीत लिहिले खरे, पण पाहिले नाहीत.

ओळख थोडक्यात. खंड्या करडा नर, मोसंबी लुटिनो मादी. अंग फिक्कट पिवळं, गालावर केशरी टिकली. खंड्या हे नाव नवऱ्याने हौसेने ठेवलं. खंड्या म्हणजे मासे पकडणारा वेगळाच पक्षी, हे शेजारच्या काकांनी बारसं उरकल्यावर सांगितलं. जात कॉकाटील, काकाकुवाच्या कुळातली सगळ्यात लहान. आई, म्हणजे माझ्या सासूबाई, फोनवर अजूनही "आमच्याकडे दोन कॉकटेल आहेत" असं सांगतात आणि पलीकडे क्षणभर शांतता पसरते.

१२ जूनला संध्याकाळी आई देवघराखालच्या खणातून वाती काढायला गेल्या आणि आतून फुत्कार ऐकू आला. "अगं, साप शिरलाय की काय, बघ बाई!" साप कुठला! वातींच्या गठ्ठ्यावर मोसंबी पंख फुगवून बसली होती, तिच्यापुढे तुरा डोक्याला चापून खंड्या. तुरा असा आडवा पडला की हात पुढे करायचा नाही, हे मला ठाऊक होतं. तरी केला. खंड्याच्या चोचीची खूण आठवडाभर बोटावर होती.

कारण शोधायला लांब जावं लागलं नाही. ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या मुलखात पाऊस पडला, गवताला दाणा धरला की हे पक्षी झाडाच्या ढोलीत घरटं करतात. आमच्या घरात काय होतं? अकरापर्यंत दिवे आणि टीव्ही, म्हणजे लांबलचक दिवस. आईंच्या हातची कोमट मऊ खिचडी, म्हणजे सुगी. खण अर्धवट उघडा, म्हणजे ढोली. आणि मी! टीव्ही बघताना तिच्या मानेवरून पाठीवर, पाठीवरून शेपटीपर्यंत हात फिरवायचे. आपल्याला ती माया वाटते. तिच्या लेखी ते जोडीदाराचं आमंत्रण.

एकाआड एक दिवस करत २० तारखेपर्यंत पाच अंडी झाली. पिल्लं वाढवायची आमची तयारी नव्हती, म्हणून प्रत्येक अंडं काढून त्या जागी प्लॅस्टिकचं ठेवत गेलो. नुसती अंडी उचलली तर मादी भरपाई म्हणून घालतच राहते आणि अंगातलं कॅल्शियम संपत जातं. समुद्रफेस पिंजऱ्यात होताच, डॉक्टरांनी पाण्यातून द्यायचं औषधही दिलं. त्यांनी एक बजावून सांगितलं: मादी पिसं फुगवून पिंजऱ्याच्या तळाशी बसली, जोर करू लागली, शेपटी श्वासागणिक खालीवर होऊ लागली, तर अंडं अडकलंय. मग घरगुती उपाय करत बसायचं नाही, त्याच तासाला दवाखाना गाठायचा. आमच्यावर ती वेळ आली नाही.

उबवण्याची पाळी मात्र बघण्यासारखी. दिवसा खंड्या, रात्री मोसंबी. सकाळी तो खणापाशी येऊन चोच आपटायचा, ती उठून आळस द्यायची, एक पंख आणि एक पाय मागे ताणून, आणि तडक पाण्याच्या वाटीकडे. प्लॅस्टिकच्या अंड्यांवर दोघांनी जवळजवळ तीन आठवडे इमानेइतबारे ड्यूटी केली, मग एके दिवशी सोडून दिली. मोसंबी ८९ ग्रॅमवर आली होती. वाती तेवढ्या दिवस आईंनी बाजारातून आणल्या.

जुलैपासून पिंजरा आतल्या खोलीत. संध्याकाळी सातला पडदा, सकाळी सातला उघडायचा. खण बंद, खिचडी बंद (आई नाराज), खोके आणि कागद समोरून हटवले. रोजच्या राळे-बाजरीत करडई चिमूटभरच. शेवग्याचा पाला आणि कोथिंबीर हवी तेवढी.

पण अंधाराचं दुखणं वेगळं. ऑगस्टमध्ये एका रात्री पिंजऱ्यात एकदम फडफडाट झाला. पाल सरकली असेल नाहीतर गाडीचा झोत आला असेल, कॉकाटील अंधारात असे बिथरतात. दिवा लावला तर भिंतीवर रक्ताचे शिंतोडे. मोसंबीच्या पंखातलं वाढतं पीस मोडलं होतं. अशा पिसाच्या नळीत रक्त खेळतं असतं. पीस उपटलं नाही. कॉर्नफ्लोअर लावून चिमटीत धरलं, पाच मिनिटांत थांबलं. तेव्हापासून बाहेर पॅसेजमध्ये झिरोचा दिवा असतो, त्याची तिरीप पडद्याखालून आत जाते. उजेड कमी हवा आणि थोडा हवाही, याचा मेळ अजून मनासारखा बसलेला नाही.

सप्टेंबरभर पिसं गळली. काळे कपडे या घरात घालता येत नाहीत, दोघांच्या अंगची पांढरी पावडर सगळीकडे. पण संध्याकाळी साडेसहाला मोसंबी मांडीवर येते, मान खाली घालून डोकं माझ्या अंगठ्याखाली खुपसते आणि तशीच थांबते. तुऱ्याच्या बुडाशी नवी पिसं बारीक, टोकदार नळ्यांत गुंडाळलेली असतात. पिकलेली नळी नखात हलकेच चुरली की भुगा होतो आणि आतून पीस उलगडतं. कोवळी, बुडाशी काळपट नळी दाबली की ती चिडून चावते. तिथे तिचं स्वतःचं तोंड पोचत नाही, म्हणून ही मिनतवारी. डोळे मिटतात, चोच करकर वाजू लागते. मग मान हळूहळू पुढे सरकते, माझ्या अंगठ्याखाली पाठ येते, ती शेपूट किंचित उचलते. मी उठते आणि कुकर लावते.

कुकरवरून आठवलं. खंड्याने शिट्टी हुबेहूब उचललीय. आई दोनदा गॅस बंद करायला उठल्या, गॅसवर काहीच नव्हतं. शिवाय साखरेच्या स्टीलच्या डब्यात त्याला कोणी दिसतं. खांदे उंचावून पंखांचा बदाम करतो आणि त्या डब्यापुढे सगळ्या शिट्ट्या ओळीने म्हणून दाखवतो. डबा झाकला तर ताटाकडे जातो.

बाकी नियम तेच: दोघं बाहेर असताना पंख्याच्या बटणावर चिकटपट्टी. नॉनस्टिक तवा घरात नाही, तो जास्त तापला तर त्याच्या वाफेने पक्षी मरतात.

आजचं वजन: खंड्या ९१, मोसंबी ९३. काल संध्याकाळी खंड्या चपलांच्या कपाटाच्या फटीत डोकं घालून शिट्टी घालत होता, मोसंबी मागे उभी. कपाटाला रबरबँड लावलाय.