गोणपाटातले शंभर दाणे

मार्केट यार्डाजवळ आमचं कृषी सेवा केंद्र. मालदांडी ज्वारीच्या बियाण्याचा नवा लॉट आला की शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायचे, ही वडिलांची सवय. ज्वारीची उगवण किमान 75 टक्के हवी. यंदा मोजले तर 61 दाण्यांनाच मोड. पिशवीवरचा टॅग मात्र झकास! अख्खा लॉट परत पाठवला. वितरक फोनवर तणतणला, तणतणू दे. पेरणी फसली की मंगळवेढ्याचा शेतकरी माझ्याच दारात येतो.

लाल त्रिकोणाची, म्हणजे सर्वात विषारी कीटकनाशकं कुलपात. काल एक आजोबा म्हणाले, "बाळा, जरा पाण्याच्या बाटलीत ओतून दे की." नाही दिलं. रागावून गेले. संध्याकाळी सीलबंद छोटी बाटली न्यायला परत आले. हातमोजे फुकट मागून घेतले.