होल-इन-द-रॉक रोड, एप्रिल आणि ओली माती

एप्रिलमधे आमच्याकडे सॉल्ट लेकला डोंगरांवर अजून पांढरं असतं पण दक्षिण युटाहमधे छान ऊन पडायला लागलेलं असतं, मग आम्ही दोघं गाडी काढतो आणि थेट एस्कलांटे गाव गाठतो. यंदा कायोटी गल्च या घळीतली पायवाट करायचीच ठरवलं होतं. तिथे जायचं म्हटलं की सगळे विचारतात किती चालायचंय, पाणी कुठे मिळतं, चढ किती. मी म्हणते आधी रस्त्याचं विचारा.

गावापासून साधारण 5 मैलांवर हायवे 12 सोडला की होल-इन-द-रॉक रोड लागतो आणि तिथून पुढे 50 हून जास्त मैल नुसता कच्चा रस्ता. पेट्रोल नाही, पाणी नाही, फोनला रेंज नाही. डेव्हिल्स गार्डन 12 मैलांवर, पीकाबू-स्पूकी या अरुंद घळींचा फाटा 26 वर, आणि आम्हाला जायचं होतं ते हरिकेन वॉश, म्हणजे कायोटी गल्चची चाल जिथून सुरू होते तो कोरडा ओढा, 34 च्या आसपास. ऐकायला 34 मैल म्हणजे काहीच नाही ना, पण आम्हाला दीड तासाच्या वर लागला.

कारण रस्ता पन्हाळी पत्र्यासारखा झालेला असतो. अक्षरशः पत्र्याच्या शेडवरून गाडी चालवल्यासारखं वाटतं, दात वाजतात, डिकीतलं सामान नाचतं. सुट्या मातीवरून चाकं वेगात गेली की ती बारीक उसळतात, उसळून जिथे आपटतात तिथे खळगा पडतो आणि मागून येणारी प्रत्येक गाडी तोच खळगा अजून खोल करते. मधूनमधून ग्रेडर फिरवून रस्ता सारखा करतात, पण ते कधी होईल ते आपल्या हातात नाही. काहीजण सांगतात ताशी 40 मैलांच्या स्पीडने जा म्हणजे चाकं वरच्यावर तरंगत जातात, धक्के लागत नाहीत. धक्के कमी लागतात हे खरंय, पण तेव्हा चाकांची जमिनीवर पकडच नसते, वळणावर समोरून कोणी आलं तर ब्रेक लागणार कसा? त्यापेक्षा हायवे सोडतानाच थांबून टायरमधली हवा 35 पीएसआयवरून 25 वर आणायची आणि निवांत जायचं. हवा परत भरायला छोटा पंप हवाच, आणि स्टेपनी पूर्ण साइजची हवी, ती सायकलच्या चाकाएवढी बारीक स्टेपनी इथे कामाची नाही.

पण खरी भीती मातीची. या भागात बेंटोनाइटची चिकणमाती आहे, कोरडी असताना दगडासारखी टणक आणि पाऊस पडला की मळलेली कणीक. चाकाच्या सगळ्या खाचा भरून जातात, चाकावरच्या पोकळीत चिखलाचे गोळे अडकतात, मग फोर व्हील ड्राइव्ह असो नाहीतर काही असो, गाडी आपली आपण बाजूच्या चरात घसरत जाते.

पहिल्या दिवशी आम्ही 20 मैल गेलो असू, उजव्या हाताला स्ट्रेट क्लिफ्सचे कडे सतत सोबत असतात त्यांच्यावर काळं आभाळ उतरताना दिसलं. नवरा म्हणाला, "अजून 14 मैल तर आहेत, पाऊस यायच्या आत पोचू." मी म्हटलं, "पोचू रे, पण परत कसे येणार?" दोन मिनिटं गाडी तशीच उभी होती आणि मग त्यानेच वळवली. डांबरी रस्त्याला लागेपर्यंत काचेवर टपोरे थेंब पडायला लागले होते. फार वाईट वाटलं मला, सहा महिने आधीपासून सुट्टी टाकलेली, पण रात्रभर पत्र्यावर पाऊस वाजत होता तेव्हा आपण गावात आहोत याचं इतकं हायसं वाटलं की काय सांगू.

दुसऱ्या दिवशी सकाळी व्हिजिटर सेंटरमधे जाऊन रस्त्याची चौकशी केली. तिथल्या बाईंनी सांगितलं ते लक्षात ठेवण्यासारखं आहे, वसंतात पहाटे चिखल गोठून टणक असतो, गाडी आरामात आत जाते, आणि दुपारी उन्हाने तोच चिखल विरघळतो तेव्हा बाहेर येणारे अडकतात. म्हणून आम्ही तो अख्खा दिवस ऊन-वारा खाऊ दिला आणि तिसऱ्या दिवशी निघालो. ओढ्यांच्या उतारावर अजून ओल होती, तिथे मी खाली उतरून आधी पायाने दाबून बघायचे आणि मग गाडी.

हरिकेन वॉशपासून कायोटी गल्चमधल्या जेकब हॅम्ब्लिन आर्च या दगडी कमानीपर्यंत साधारण 7 मैल चाल आहे. सुरुवातीला नुसती वाळू, मग खाली पाणी लागतं आणि कॉटनवुडच्या झाडांना नुकती फुटलेली पोपटी पालवी, लाल कड्यांच्या मधोमध. तिथे मी बूट काढून पाण्यात कितीतरी वेळ नुसती उभी होते.

परत फिरायच्या आधी त्याच रस्त्याने गाडीने दोन-तीन मैल पुढे जाऊन डान्स हॉल रॉकही बघितला. 1879-80 च्या हिवाळ्यात मॉर्मन या ख्रिस्ती पंथाची कुटुंबं बैलगाड्या-घोडागाड्या घेऊन इथून गेली, पुढे कड्यातली फट (तेच होल-इन-द-रॉक) फोडून रुंद केली आणि त्यातून गाड्या दोर लावून खाली कोलोरॅडो नदीपर्यंत उतरवल्या. हा रस्ता त्यांनीच पाडलेला. ते काम चालू असताना या खडकाच्या नैसर्गिक मांडवात जमून ती माणसं नाचायची, लेकराबाळांसकट, ऐन थंडीत. तिथल्या वाळूत बसून आम्ही उरलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली.

हायवेला पोचलो तेव्हा अंधार पडत आला होता. नवऱ्याने पंप लावला, मी टॉर्च धरला, एकेक टायर भरत होतो आणि लाल फुपाटा अजून दाराच्या फटीतून खाली गळत होता.