नालेखालचा चिखल

आज ओहोटीच्या वेळी अलिबागच्या किनाऱ्यावर, कुलाबा किल्ल्याकडे निघण्याच्या बेतात असलेल्या घोडागाडीचा घोडा पुढचा डावा पाय वाळूवर नीट टेकवतच नव्हता. नालबंदकाकांनी तो पाय मांडीवर घेतला, नाल उपसली आणि तळव्यातल्या त्रिकोणी मऊ भागालगतच्या खाचेतून कुजका वास येणारा काळा चिखल हळुवार खरवडून काढला.

“दादा, खूर महिन्याला जेमतेम १ सेंटीमीटर वाढतो, पण नाल तीच राहिली की सगळा भार टाचेवर येतो. दीड-दोन महिन्यांनी ती काढायलाच हवी,” ते गाडीवाल्याला समजावत होते.

घोड्याने मान खाली घातली आणि काकांच्या पाठीला नाक टेकवले.

मी इतकी वर्षे या किनाऱ्यावर येतो, पण गाडीत बसण्याआधी घोड्याच्या पायांकडे एकदाही का पाहिले नसेल?