सी जॅम ब्लूज अपडेट: सूर सापडला, गज बेपत्ता

मंडळी, गेल्या वेळी रडगाणं गायलं होतं ना, की जॅझवाल्या ड्यूक एलिंग्टनच्या बँडची ती १९४२ ची साउंडी, म्हणजे नाणं टाकून बघायची गाण्याची छोटी फिल्म (‘जॅम सेशन’, म्हणजे आपला सी जॅम ब्लूज) लावून पेटी घेऊन बसलो तर काही केल्या जुळत नाही? तर ती भानगड सुटली! म्हणजे अर्धी सुटली.

धून काय हो, दोनच सूर, पंचम आणि वरचा सा, पांढरी एक धरायची आणि वाजवायचं. पण ही क्लिप पांढरी एकमध्येही नाही आणि काळी एकमध्येही नाही, मधेच लोंबकळतेय. आधी पेटीवाल्याला फोन केला, तो म्हणाला पेटी ठणठणीत आहे, कान दाखवून या. मग ट्यूनर अ‍ॅप लावलं तर ७० सेंट चढं (पांढरी एक ते काळी एक म्हणजे १०० सेंट), आणि तिथे ट्यूब पेटली, अरे हे तर PAL, युरोपातली टीव्हीची पद्धत! फिल्म सेकंदाला २४ फ्रेमची, युरोपातल्या डीव्हीडीवर ती २५ ने पळते, म्हणजे ४ टक्के फास्ट आणि सूर वर.

लगेच प्लेअरमध्ये ०.९६ स्पीड टाकला. सूर जागचा हलला नाही! तासभर डोकं आपटल्यावर कळलं की प्लेअर स्पीड बदलला तरी सूर आपणहून सांभाळतो, ते टाइम-स्ट्रेच बंद करावं लागतं. शेवटी ऑडॅसिटी या आवाजाच्या सॉफ्टवेअरमध्ये काम केलं, फुकट आहे आणि माझ्या मते पुरेसं आहे. फक्त टेम्पो नाही, स्पीड बदला. आणि पहिल्या दोन सुरांवर पेटी अशी चपखल बसली की मी सलग चार वेळा तेवढंच वाजवलं, घरचे उठून गेले.

मग चित्राकडे नीट बघितलं तर कॉर्नेटवर रेक्स स्ट्युअर्टची बोटं डाव्या हाताची, नँटनही ट्रॉम्बोन डाव्या हाताने ओढतोय. एक डावरा समजू शकतो, दोन-दोन? हा पॅनोरामचा, म्हणजे साउंडीज दाखवणाऱ्या यंत्राचा प्रताप. त्या पेटाऱ्यात आरशांतून मागून पडद्यावर फिल्म पडायची म्हणून प्रिंटच उलटी काढत, आणि कॉपी करणाऱ्याने ती सरळ केलीच नाही. (१० सेंटचं नाणं टाकायचं आणि रिळावरच्या आठांपैकी पुढची जी येईल ती बघायची, निवड नाही!) एचफ्लिप मारलं, म्हणजे चित्राची डावी-उजवी बाजू उलटवली, एका मिनिटात काम.

आता खरी डोकेदुखी. रे नान्सचा व्हायोलिन सोलो. गज एकीकडे, सूर दुसरीकडे. ऑडिओ ८० मिलिसेकंद पुढे सरकवला, १२० केला, मागे आणला, नान्स थोडा जुळला की ड्रमवाल्या सनी ग्रीअरच्या काठ्या सुटतात, काठ्या धरल्या की गज सुटतो, दोन रात्री गेल्या यात. आणि मग लाज वाटली, कारण हे मला माहीत असायला हवं होतं: साउंडीज प्लेबॅकवर शूट व्हायच्या, आवाज आधी रेकॉर्ड, मग कॅमेऱ्यापुढे नुसता अभिनय. जे मुळात जुळलेलंच नाही ते मी जुळवत बसलो होतो.

त्यामुळे सेकंदाला ६० फ्रेमची रंगवलेली व्हर्जन बनवायचा प्लॅन रद्द. तसंही ती रंगवलेली माणसं मला मेणाची वाटतात.

हे टाइप करतानाच सुचलं, या क्लिपमधला सॅक्सोफोनवाला बेन वेब्स्टर ८ डिसेंबर १९५७ च्या सीबीएस या अमेरिकन टीव्ही वाहिनीच्या कार्यक्रमातही आहे, गायिका बिली हॉलिडेच्या ‘फाइन अँड मेलो’त पहिला सोलो त्याचाच, मग दुसरा सॅक्सोफोनवाला लेस्टर यंग उभा राहतो. ते लाइव्ह होतं, म्हणजे तिथे गाल फुगतात ते खरे. दोन्ही बेन शेजारी-शेजारी लावून श्वास कुठे घेतो ते बघणार.

नाहीतर आधी ‘अलबेला’ काढतो. त्या सिनेमात ट्रम्पेटवाला चिक चॉकलेट बँडसकट पडद्यावर आहे, गाणी तोंडपाठ आहेत, पण इतक्या वर्षांत ट्रम्पेटवरच्या बोटांकडे एकदाही लक्ष गेलं नाही. कुणाकडे बरी प्रिंट असेल तर सांगा, माझ्याकडचीत बोटं दिसतच नाहीत.