माशांच्या टाकीतलं जंगल

तीन वर्षं माळ्यावर पडलेली दोन फुटी माशांची टाकी आज शेवटी आत झाडं लावायला खाली काढली, काचेवरचे पांढरे डाग व्हिनेगरने घासता घासताच दुपार झाली. खाली दोन इंच खडी, त्यावर जाळी (टाकीला भोक नसतं ना, माती पाण्यात उतरली की मुळं कुजतात), मग ठेचलेला कोळसा, वर कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि गांडूळखत. फिटोनिया (ठळक शिरांच्या पानांचं छोटंसं झाड), दोन फर्न, आणि घरामागच्या भिंतीवरचं शेवाळ, ते सुरीने अलगद उचललं तर असा ओला वास आला की आजोळची विहीरच आठवली. आई आधी म्हणाली अगं मासेच आणायचे की, मग स्वतःच तासभर शेवाळ दाबत बसली.

१८२९ च्या सुमारास लंडनच्या डॉ. वॉर्ड यांच्या बंद बाटलीत असंच फर्न आपोआप उगवलं होतं, पुढे तसल्याच काचेच्या पेट्यांतून चहाची रोपं चीनमधून भारतात आली, मला हे फार भारी वाटतं.

आता काचेवर आतून बारीक थेंब धरलेत. एका फर्नचं कोवळं पान अजून गुंडाळलेलंच आहे, उद्या उठल्यावर आधी तेच बघणार.